छापलं गेलं की नुसतं पाठवलं गेलं? क्रमांकित प्रमाणपत्रांच्या छपाईचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेत प्रमाणपत्रं द्यायचं काम चालतं. कोरी प्रमाणपत्रं छापखान्यातून गठ्ठ्याने येतात आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांक आधीच छापलेला असतो. आमचा डेस्कटॉप प्रोग्राम यादीतली नावं घेतो, प्रत्येक नावाला पुढचा क्रमांक लावतो, तशी नोंद डेटाबेसमध्ये करतो आणि नाव, तारीख वगैरे मजकूर त्या कोऱ्या कागदावर छापतो. क्रमांक मात्र प्रोग्राम छापत नाही, तो कागदावर असतोच. म्हणजे ट्रेमधला वरचा कागद आपल्याला वाटतो त्याच क्रमांकाचा आहे, या विश्वासावर सगळं चालत होतं. हे वाक्य मी आज इतक्या सरळपणे लिहितोय, पण प्रोग्राम लिहिताना आमच्यापैकी कुणीही ते मनातसुद्धा मांडलं नव्हतं.

प्रोग्राम विंडोजवरचा, सी-शार्पमध्ये लिहिलेला. छपाईसाठी डॉटनेटचा (सी-शार्पसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तयार कोडचा) नेहमीचा प्रिंटडॉक्युमेंट वापरला होता. चाळीस नावांची यादी असली की चाळीस पानांचा एकच जॉब, म्हणजे छपाईचं एकच काम, प्रिंटरकडे जायचा. प्रिंटची आज्ञा एरर न देता परत आली की चाळीसही नोंदींवर 'छापलं' अशी खूण पडायची.

लेझर प्रिंटर एकच होता. तो प्रमाणपत्रांच्या टेबलावरच्या संगणकावर बसवला होता आणि तिथून बाकीच्या टेबलांना शेअर केला होता.

अडचण

प्रमाणपत्रांचं काम बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. "सर, ४१२६ वर कुणाचं नाव आहे ते तुमच्याकडे बघा बरं. माझ्या हातात कागद आहे आणि स्क्रीनवर दुसरंच नाव येतंय."

पडताळणीसाठी आलेल्या एका व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर ४१२६ होतं. आमच्या नोंदीत ती व्यक्ती ४१२५ वर होती. आम्ही आधी डेटाबेस तपासला, कुणी हाताने बदल केलाय का ते पाहिलं. काही सापडलं नाही. मग मॅडमनीच टेबलाच्या खणातून एक वही काढली. खराब झालेला प्रत्येक कोरा कागद त्या या वहीत लिहून ठेवायच्या. ती त्यांची स्वतःची सवय, कुणी सांगितलेलं काम नव्हे. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं: "४११७ अडकला, फाटला." आणि आमच्या प्रोग्राममध्ये त्याच दिवसाच्या शेवटी ४१४१ हा क्रमांक 'बाद' दाखवला होता.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर सगळा उलगडा झाला. यादी ४१०१ ते ४१४० ची होती. ४११७ चा कागद प्रिंटरमध्ये अडकला. मॅडमनी झाकण उघडून तो काढला, झाकण लावलं. पान नीट बाहेर पडेपर्यंत हा प्रिंटर त्याचा मजकूर स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो आणि अडकलेला कागद काढल्यावर ते पान पुन्हा छापतो. त्याने ते पुढच्या कागदावर, म्हणजे ४११८ वर छापलं. तिथून पुढे प्रत्येक नाव एकेक क्रमांक पुढे सरकलं आणि शेवटचं नाव ४१४१ वर गेलं. दुसऱ्या यादीच्या वेळी प्रोग्राम ४१४१ मागत होता आणि ट्रेमध्ये वर ४१४२ होता, तेव्हा मॅडमनी ४१४१ बाद करून काम पुढे चालू ठेवलं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

एका फाटलेल्या कागदामुळे चोवीस लोकांच्या हातात चुकीच्या क्रमांकाची प्रमाणपत्रं गेली होती.

शोध घेताना दुसरी तक्रारही पुढे आली. प्रमाणपत्रांचा गठ्ठा ट्रेमध्ये असताना दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी साधं पत्र छापायला पाठवायचं आणि ते दोन-तीन कोऱ्या प्रमाणपत्रांवर छापून यायचं. तेही मॅडमच्या वहीत होतं. प्रोग्रामला त्याचा पत्ता नव्हता.

मुळात चुकलं कुठे

प्रिंटची आज्ञा परत आली याचा अर्थ एवढाच की विंडोजच्या स्पूलरने, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागाने, मजकूर ताब्यात घेतला. स्पूलर तो डिस्कवर ठेवतो. सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरमध्ये प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं, तिथे प्रत्येक जॉबच्या दोन फाइली दिसतात: एसपीएलमध्ये छपाईचा मजकूर, एसएचडीमध्ये जॉबची माहिती. मग स्पूलर आपल्या सवडीने तो प्रिंटरकडे पाठवतो. प्रिंटर तो आपल्या मेमरीत घेतो. कागद त्यानंतर हलतो. आमचा प्रोग्राम पहिल्याच पायरीवर 'छापलं' म्हणून मोकळा होत होता.

समोर असलेले पर्याय

क्रमांकही प्रोग्रामनेच छापावा, हा सर्वांत साधा उपाय. तो संस्थेने नाकारला. क्रमांक छापखान्याचाच हवा असा त्यांचा नियम होता आणि तो बदलायला लावणं हे आमचं काम नव्हतं.

यादी संपल्यावर "सगळं नीट छापलं का?" असं विचारायचं, हा दुसरा पर्याय. मी त्याच्या विरोधात होतो. दिवसभरात वीस वेळा विचारलेल्या प्रश्नाला माणूस न वाचता 'हो' म्हणतो.

चाळीस पानांचा जॉब तसाच ठेवून किती पानं छापली गेली ते स्पूलरकडून मोजायचं, असाही विचार झाला. जॉबच्या माहितीत एकूण पानं आणि छापलेली पानं असे दोन आकडे मिळतात. पण मजकुरात पानांच्या सीमा स्पूलरला कळत नसतील तर हे आकडे शून्यही येतात. शिवाय कागद अडकल्याची आणि पान पुन्हा छापल्याची घटना प्रिंटरच्या पोटात घडते, ती या आकड्यांत उमटत नाही.

उरला जॉबवर स्वतः ताबा ठेवण्याचा मार्ग: जॉब थांबवायचा, सोडायचा, काढायचा, त्याची अवस्था बघायची. यासाठी तीन दारं होती. डब्ल्यूएमआयमधून, म्हणजे विंडोजच्या देखरेखीच्या सोयीतून, जॉबची यादी मिळते, जॉब थांबवता आणि सोडताही येतो, पण बदल कळायला ठरावीक वेळाने विचारत राहावं लागतं. डॉटनेटमधला सिस्टिम डॉट प्रिंटिंग हा भाग हाताळायला सोपा आहे. मात्र प्रिंटडॉक्युमेंटने पाठवलेला आपला जॉब नेमका कोणता, हे तिथेही शोधूनच काढावं लागतं. तिसरं दार म्हणजे विनस्पूलची, विंडोजच्या छपाई व्यवस्थेची, मूळ फंक्शन्स (कोडमधून द्यायच्या आज्ञा): ओपनप्रिंटर, एनमजॉब्ज, गेटजॉब, सेटजॉब. इथे कष्ट जास्त, पण जे घडतंय ते सर्वांत जवळून दिसतं. आम्ही हे निवडलं.

एका सहकाऱ्याने पोर्ट मॉनिटर, म्हणजे स्पूलरकडून प्रिंटरकडे मजकूर नेणारा भाग, लिहायचं सुचवलं होतं. तो स्पूलरच्या आत, स्पूलरच्या अधिकारांनी चालतो. २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' ही स्पूलरमधली सुरक्षेची भेग गाजली. एवढ्या अधिकाराच्या जागी आपला कोड नेऊन बसवायचा, तर गरज तेवढी मोठी हवी. ती इथे नव्हती.

पहिला प्रयत्न आणि त्यातल्या चुका

पहिल्या आवृत्तीत आम्ही दोन्ही तक्रारी कोडनेच सोडवायला गेलो. प्रमाणपत्रांची यादी सुरू झाली की बाकी सगळ्यांचे जॉब प्रोग्रामने थांबवायचे आणि यादी संपली की सोडायचे, अशी रचना केली.

सेटजॉबने लगेच पाच क्रमांकाची एरर दिली, परवानगी नाही. स्वतःचा जॉब कुणालाही थांबवता येतो, दुसऱ्याचा थांबवायला 'मॅनेज डॉक्युमेंट्स' हा अधिकार लागतो. तो अधिकार आम्ही मागून घेतला. आज मागे वळून पाहताना मला हीच सर्वांत चुकीची पायरी वाटते. ऑपरेटिंग सिस्टिम नाही म्हणत होती, तेव्हाच थांबून 'का नाही?' असा विचार करायला हवा होता. तिसऱ्याच दिवशी यादी चालू असताना प्रोग्राम बंद पडला आणि थांबवलेले जॉब तसेच राहिले. बाकीच्या टेबलांवरची माणसं प्रिंटरपाशी येऊन उभी, कागद भरलेला, दिवा हिरवा, आणि छपाई होईना. कुणालाच कारण कळेना.

दुसरी चूक जॉब ओळखण्याची. प्रिंटडॉक्युमेंट आपल्याला जॉब-आयडी, म्हणजे रांगेतल्या जॉबला विंडोजने दिलेला क्रमांक, देत नाही. म्हणून आम्ही जॉबच्या नावात प्रमाणपत्राचा क्रमांक घातला आणि एनमजॉब्जच्या यादीत ते नाव शोधलं. नेहमी चाललं. पण एकाच क्रमांकाची छपाई दोनदा दिली गेली, तेव्हा त्याच नावाचे दोन जॉब रांगेत उभे राहिले आणि आम्ही नको तो काढला.

तिसरी चूक लहान, पण तिने अर्धा दिवस खाल्ला. जॉब कधी आला ती वेळ आम्ही लॉगमध्ये लिहीत होतो आणि त्या वेळा ऑफिस बंद असतानाच्या दिसत होत्या. कुणी रात्री येऊन छापतंय का, इथपर्यंत चर्चा गेली. स्पूलर ही वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) देतो, आम्ही ती स्थानिक वेळ समजून लिहिली होती.

दुसरा प्रयत्न: काय केलं

आधी दुसऱ्यांच्या जॉबचा प्रश्न कोडमधून पूर्ण काढून टाकला. त्याच प्रिंटरवर, त्याच पोर्टवर दोन वेगळे प्रिंटर बसवले. विंडोजला ते दोन दिसतात, यंत्र एकच. साधा प्रिंटर सर्वांना शेअर, कागद पहिल्या ट्रेमधून. प्रमाणपत्रांचा प्रिंटर शेअर केलाच नाही, कागद दुसऱ्या ट्रेमधून. 'मॅनेज डॉक्युमेंट्स'चा अधिकार परत करून टाकला. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात अंगावर आली. पहिल्या ट्रेमधला कागद संपला की प्रिंटर आपण होऊन दुसऱ्या ट्रेमधून ओढत होता. ते प्रिंटरच्या स्वतःच्या मेन्यूत जाऊन बंद करावं लागलं. अडकलेलं पान आपोआप पुन्हा छापण्याची सोयही तिथेच बंद केली.

मग जॉब-आयडी. प्रिंटडॉक्युमेंट सोडून आम्ही जीडीआयचं, म्हणजे विंडोजच्या चित्र-मजकूर काढणाऱ्या भागाचं, स्टार्टडॉक हे फंक्शन थेट बोलावलं. ते यशस्वी झालं की परत येणारी संख्या हाच जॉब-आयडी असतो. नाव शोधायचा प्रश्नच उरला नाही. पानावर मजकूर काढायचा जुना कोड बहुतांशी तसाच वापरता आला.

यानंतर खरा निर्णय होता तो जॉब कधी सोडायचा याचा. सुरुवातीला आम्ही चाळीस वेगळे जॉब करून सगळे थांबवलेल्या अवस्थेत रांगेत ठेवले. स्टार्टडॉक झाल्याबरोबर, पहिलं पान सुरू व्हायच्या आधी, सेटजॉबने 'पॉज' द्यायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये स्पूलर पूर्ण मजकूर यायची वाट न बघता छापायला सुरुवात करतो, आणि जे प्रिंटरच्या मेमरीत गेलं ते नंतर पॉज देऊन परत येत नाही. तांत्रिकदृष्ट्या ही रचना छान चालली. मग एके दिवशी वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा सत्तावीस थांबवलेले जॉब रांगेत तसेच होते, कारण स्पूलरच्या फाइली डिस्कवर असतात. प्रोग्रामला मात्र त्यांची आठवण नव्हती. मदतीला आलेल्या एकाने रांगेची खिडकी उघडून ते सोडायला सुरुवात केली, तेवढ्यात मॅडमनी त्याचा हात थांबवला.

त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं: रांगेत एका वेळी आपला एकच जॉब. पुढचा तयारच करायचा नाही. थांबवून ठेवलेला जॉब म्हणजे कुणीही ओढू शकेल असा खटका. न पाठवलेला जॉब कुणी सोडू शकत नाही.

अवस्था बघायला प्रिंटरमधल्या बदलांची सूचना देणारं फंक्शन वापरलं. त्यातून एक हँडल (सूचना मिळवायचा दुवा) मिळतं, त्यावर प्रोग्रामचा वेगळा थ्रेड (समांतर चालणारा भाग) वाट बघत बसतो. सूचना कधी कधी गळतात. तसं झालं की विंडोज एका खुणेने कळवतं आणि मग सगळी माहिती नव्याने विचारावी लागते. आम्ही ती खूण पाळतोच, शिवाय दर दोन सेकंदांनी गेटजॉबही विचारतो.

जॉबची अवस्था एकच एक मूल्य नसते, ती खुणांची बेरीज असते. छपाई चालू म्हणजे १६, एरर म्हणजे २, दोन्ही असतील तर १८. आमच्या कोडमध्ये 'अवस्था बरोबर १६' अशी तुलना होती. त्यामुळे नेमकी अडचण आली की स्क्रीन काहीच न बोलता बसायची. प्रत्येक खूण वेगळी तपासायला लागल्यावर 'कागद संपला', 'प्रिंटर बंद', 'कुणीतरी लक्ष द्या' असे संदेश दिसू लागले.

जॉब रांगेतून नाहीसा झाला की गेटजॉब ८७ क्रमांकाची एरर देतं. पण तो छापून संपला की कुणी काढून टाकला, ते त्यावरून कळत नाही. म्हणून प्रमाणपत्रांच्या प्रिंटरवर 'छापलेले जॉब ठेवा' ही सोय चालू केली. आता संपलेला जॉब 'प्रिंटेड' या खुणेसह रांगेत थांबतो आणि आमचा प्रोग्राम खातरजमा झाल्यावर तो स्वतः काढतो. काढायला 'डिलीट' हीच आज्ञा वापरायची. 'कॅन्सल' नावाची आज्ञाही यादीत आहे, पण ती वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच्याच माहितीत लिहिलं आहे.

खातरजमा कुणाकडून

आता शेवटचा प्रश्न. 'प्रिंटेड' दिसलं की नोंद पक्की करायची का? संघातले दोघे हो म्हणत होते. मी अडून बसलो. 'कम्प्लीट' या खुणेबद्दल तर स्पष्टच लिहिलेलं आहे की जॉब प्रिंटरकडे गेलाय, पण अजून छापला गेला नसेल. 'प्रिंटेड' ही खूणसुद्धा स्पूलरचीच, आणि स्पूलरने कागद बघितलेला नसतो. दोन कागद एकदम ओढले गेले तर कुठलीच एरर येत नाही, एक कोरा कागद बाहेर पडतो आणि क्रमांक सरकतो.

कागद हातात असलेली व्यक्ती एकच होती. म्हणून प्रोग्राम आता मॅडमना विचारतो, पण 'हो' किंवा 'नाही' विचारत नाही. बाहेर आलेल्या कागदाच्या कोपऱ्यातले शेवटचे तीन आकडे टाइप करायला सांगतो. अपेक्षित क्रमांक स्क्रीनवर दाखवत नाही, नाहीतर तोच बघून टाइप होईल. आकडे जुळले तर नोंद पक्की. नाही जुळले तर छपाई तिथेच थांबते आणि कोणता कागद वाया गेला ते विचारलं जातं.

प्रत्येक कागदाला तीन आकडे म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "यादी मोठी असली तर माझी दुपार यातच जाईल हो." त्यांचं बरोबर होतं. आम्ही मग पाचाचा गट केला. गट सुरू होताना ट्रेमधल्या वरच्या कागदाचे आकडे आणि गट संपल्यावर शेवटच्या कागदाचे. गठ्ठा ओळीने लावलेला असेल तर मधला कुठलाही कागद कोरा गेला किंवा त्याचं पान पुढच्या कागदावर छापलं गेलं, तरी शेवटचा आकडा चुकतोच. नोंदी पाचही एकदम पक्क्या होतात. जॉब मात्र आजही एकेकच जातो.

निष्पत्ती

चोवीस प्रमाणपत्रांच्या बाबतीत वहीच्या आधाराने मूळ क्रम पुन्हा लावता आला. संस्थेने कागद परत मागवायचे की नोंदी दुरुस्त करायच्या, यावर विचार करून नोंदी दुरुस्त केल्या. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिलं. ४११७ बाद झाला आणि ४१४१ ला त्याचा खरा मालक मिळाला.

तेव्हापासून कागद अडकायचे थांबलेले नाहीत, ते थांबणारही नाहीत. पण अडकला की त्याच गटात कळतं. महिन्याच्या शेवटी वाया गेलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि प्रोग्राममधली 'बाद' यादी समोरासमोर ठेवून मोजतात आणि ती जुळते. इतर टेबलांवरची पत्रं प्रमाणपत्रांवर छापून येणं पूर्ण बंद झालं, आणि त्यासाठी कोडची एक ओळही लागली नाही.

आता करायचं झालं तर

पहिल्या दिवशी कोड उघडायच्या आधी मी प्रिंटरपाशी जाऊन बसेन. एक पूर्ण यादी छापली जाताना बघेन, मुद्दाम एक कागद अडकवेन आणि काय होतं ते पाहीन. अडकलेलं पान पुन्हा छापलं जातं हे आम्हाला पंधरा मिनिटांत कळलं असतं.

दोन वेगळे प्रिंटर बसवण्याचा उपाय पहिल्या आवृत्तीच्या आधीच यायला हवा होता. संगणक सांभाळणाऱ्यांना आम्ही विचारलंच नाही, कारण प्रश्न प्रोग्रामचा आहे असं धरून चाललो होतो.

प्रिंटरच्या मेन्यूतल्या त्या दोन सेटिंग्जची मला अजून काळजी वाटते. प्रोग्रामला ती वाचता येत नाहीत. उद्या प्रिंटर बदलला किंवा दुरुस्तीत मूळ सेटिंगवर गेला तर ती पुन्हा चालू होतील. सध्या त्यावर उपाय म्हणून प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे, आणि नवीन गठ्ठा सुरू करताना प्रोग्राम दोन साध्या कागदांवर चाचणी घ्यायला लावतो.

मॅडमनी वही बंद केलेली नाही. बाद क्रमांक प्रोग्राममध्ये टाकला की त्या तो वहीतही लिहितात, आणि महिन्याची मोजणी करताना आम्ही तिसरा आकडा म्हणून तीच वही शेजारी ठेवतो.